टाकी दिली, पण चूल विझली का?



आमच्या महिला मंडळाला यंदा २५ वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिका काढायचं ठरलं आणि लिखाणाचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. जुने अहवाल चाळत बसले होते. २०१८च्या अहवालात एक ओळ दिसली : ‘मंडळाच्या मदतीने शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीत ३१ कुटुंबांची स्वयंपाकघरे धूरमुक्त झाली.’ ओळ माझीच होती.

तेव्हा काय केलं होतं ते आठवलं. वाडीतल्या बायकांना उज्ज्वला योजनेतून नुकताच गॅस मिळाला होता. पहिली टाकी संपली की दुसरीला पैसे नाहीत, असं कळलं. म्हणून आम्ही प्रत्येक घराला एका टाकीचे पैसे आणि एकेक कुकर दिला. शाळेच्या व्हरांड्यात छोटासा कार्यक्रम झाला, नारळ-पेढे झाले, फोटो निघाले. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आम्ही तीनलाच परतीला निघालो. घरी आल्यावर मी ती ओळ लिहिली. पुढे दोन-तीन वर्षं देणगी मागताना ती आम्हाला फार उपयोगी पडली.

स्मरणिकेसाठी नवा फोटो हवा होता. स्वच्छ ओटा, निळी ज्योत आणि हसणारी बाई, असं चित्रही मी मनात काढून ठेवलं होतं. जानेवारीत जाऊबाईंना घेऊन वाडीवर गेले.

पहिल्याच घराच्या कौलांतून धूर निघत होता. आत गेलो. शेगडी लख्ख पुसून, वर झालरीचा रुमाल टाकून ठेवलेली, पूर्वी आपण टीव्हीवर टाकायचो तसा. टाकी कोपऱ्यात. आणि आक्का खाली चुलीपुढे बसून, डोळे चोळत फुंकणी मारत होत्या. वैलावर आमटी होती, तव्यावर भाकरी.

“आक्का, गॅस बंद पडलाय का?” मी विचारलं.

“बंद कशाला? चांगला हाय की ताई. पावणं आलं की चा करतो त्येच्यावर. पावसात जळण भिजलं की भाकऱ्या बी करतो. पर रोजचं कुठलं परवडतंय?”

त्यांनी गॅसचं पुस्तक काढून दाखवलं. अख्ख्या वर्षात तीन नोंदी होत्या.

मग मी फोटो बाजूला ठेवला आणि घरोघर गेले. ३१ पैकी ७ घरं बंद होती, माणसं मुंबईला. उरलेल्या २४ घरांत मी एकच प्रश्न विचारला : काल रात्रीचा स्वयंपाक कशावर झाला? ७ घरांत गॅसवर झाला होता. १३ घरांत चुलीवर झाला होता, गॅस अडीअडचणीला. आणि ४ घरांत टाकी कित्येक महिने रिकामी पडून होती. म्हणजे माझी ओळ ३१पैकी ७ घरांपुरती खरी होती. एकाही बाईनं मला फसवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आता जरा आपल्या घराकडे या. आपल्यापैकी बहुतेकजणी टाकी बदलली की दिनदर्शिकेवर त्या तारखेला ‘गॅस लावला’ असं लिहितो. माझ्या सासूबाई लिहायच्या, मीही लिहिते. आमच्या पाचजणांच्या घरात १४.२ किलोची टाकी साधारण ३५ दिवस जाते. म्हणजे वर्षाला दहा टाक्या आणि रोजचा ४०० ग्रॅम गॅस. त्यात सकाळी गाळून उकळायचं पाणी आलं.

आता देशाचा हिशेब. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. ८ कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट सप्टेंबर २०१९मध्ये पुरं झालं आणि आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादच्या कार्यक्रमात दिली गेली. आज हा आकडा १० कोटींच्या वर आहे. घराघरात बाईच्या नावानं गॅस गेला, ही गोष्ट लहान नाही. मी तिला नावं ठेवायला बसलेली नाही.

पण दिनदर्शिकेवरच्या तारखा बघा. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०१९-२०मध्ये उज्ज्वलाच्या एका घरानं वर्षाला सरासरी ३.०१ टाक्या घेतल्या. २०२३-२४मध्ये ३.९५. मधल्या काळात सरकारनं टाकीमागे आधी २०० आणि मग ३०० रुपये अनुदान दिलं, म्हणून आकडा थोडा वर आला. पण ३.०१ म्हणजे किती? मी वहीत मांडून पाहिलं : दिवसाला ११७ ग्रॅम. दहा लिटर पाणी घरच्या शेगडीवर उकळायला साधारण तेवढाच गॅस लागतो. आपण सकाळी नुसत्या पिण्याच्या पाण्याला जेवढा गॅस जाळतो, तेवढ्यात त्या घरानं चहा, भाकरी, आमटी, भात, अंघोळीचं पाणी सगळं करायचं! ते होत नाही. म्हणून चूल पेटते.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. देशाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१९मध्ये उज्ज्वलावर अहवाल दिला. जोडणी घेऊन वर्ष उलटलेल्या घरांचा वापर मार्च २०१८अखेर वर्षाला ३.६६ टाक्या होता, तो डिसेंबर २०१८अखेर ३.२१वर आला, असं त्यात लिहिलं आहे. जोडण्यांचा आकडा चढत होता आणि दर घराचा वापर उतरत होता. जाहिरातीत मात्र चढणारा आकडाच येतो. मीही माझ्या अहवालात तेच केलं होतं.

विजेचंही असंच. १९९७पर्यंत गावाच्या हद्दीत कुठेही, कशालाही वीज वापरली, अगदी रानातल्या पंपाला, तरी ते गाव ‘विद्युतीकरण झालेलं’ धरायचे. २००४मध्ये व्याख्या सुधारली. वस्तीत आणि दलित वस्तीतही तारा व डीपी हवी, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजेडात! २८ एप्रिल २०१८ला मणिपूरमधलं लैसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातल्या शेवटच्या गावात वीज पोहोचली असं जाहीर झालं. व्याख्येनुसार ते खरंच होतं. प्रत्येक घरापर्यंत तार नेण्यासाठी २०१७मध्ये ‘सौभाग्य’ ही वेगळी योजना काढावी लागली होती, ती याचसाठी. आणि तार आल्यावर संध्याकाळी सहा ते दहा या वेळात दिवा लागतो का, हा त्याच्याही पुढचा प्रश्न.

जगाचं मोजमापही थोडं बघू. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३०पर्यंतची उद्दिष्टं ठरवली. त्यातलं सातवं ऊर्जेचं : सर्वांना परवडणारी, भरवशाची, शाश्वत आणि आधुनिक ऊर्जा. ते मोजायच्या मापांपैकी घराशी थेट संबंध येतो फक्त दोघांचा. किती लोकांना वीज मिळाली आणि किती लोक ‘मुख्यतः’ स्वच्छ इंधनावर अवलंबून आहेत. ‘मुख्यतः’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही असंच विचारतात. स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं २०१५-१६मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१मध्ये ५८.६ टक्के झाली. शहरात ८९.७ टक्के, खेड्यात ४३.२. प्रगती आहेच. पण माझ्या वाडीतल्या त्या १३ घरांनी काय उत्तर दिलं असतं? शहरी बाई वही घेऊन समोर बसली, कोपऱ्यात सरकारची टाकी आहे, आणि ‘मुख्य इंधन कोणतं’ असं विचारलं, तर कितीतरी जणी ‘गॅस’ म्हणाल्या असत्या. मी ‘काल रात्री’ असं विचारलं म्हणून ‘चूल’ हे उत्तर आलं.

आणखी एक माप ऐकलंत तर हसू येईल. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी किती वाटा अक्षय ऊर्जेचा, हेही मोजतात. सूर्य, वारा, पाणी यांच्याबरोबर त्या एकूण आकड्यात चुलीतलं लाकूड आणि शेणीही धरल्या जातात, कारण झाड पुन्हा वाढतं. म्हणजे आक्का चुलीपुढे खोकत बसल्या की देशाचा हिरवा आकडा वाढतो, आणि त्या गॅसवर गेल्या की तो कमी होतो! अहवाल लिहिणाऱ्यांनाही हे कळतं, म्हणून ते आधुनिक अक्षय ऊर्जेचा हिशेब वेगळाही देतात. पण मथळ्यात कोणता आकडा छापायचा, ते छापणारा ठरवतो.

हे सगळं कागदी नाही, म्हणून मी एवढं लिहितेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती. चुलीपुढे जी बसते तिच्या छातीत धूर जातो, आणि तिच्या मांडीवर जे असतं त्याच्याही. शिवाय थोडी चूल, थोडा गॅस असं असलं की धूर थोडा कमी होतो, पण शरीराला त्या मानानं फायदा होत नाही. चूल जवळजवळ बंदच व्हावी लागते. म्हणून ‘टाकी मिळाली का’ आणि ‘चूल विझली का’ हे दोन प्रश्न एक नाहीत.

हा धडा आपल्या देशानं आधीही घेतला आहे. १९८०च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला. २००२मध्ये तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना ती धुराड्याची निर्धूर चूल आठवत असेल. किती बसल्या हे चोख मोजलं गेलं. पण कुठे धुराडं तुंबलं, कुठे मातीला तडा गेला, कुठे मोठं पातेलं बसेना, आणि कितीतरी घरांत पुन्हा जुनी तीन दगडांची चूल आली.

त्याच काळात कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत वेगळंच काही केलं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटं यंत्र लावून प्रत्यक्ष त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. मोजमाप कारखान्याच्या धुराड्यापासून उचलून बाईच्या नाकाजवळ आणलं. घरातल्या धुराकडे जगाचं लक्ष गेलं त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

चांगली मापं आज आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं इतर संस्थांबरोबर २००५मध्ये शाश्वत ऊर्जेची ३० मापं काढली. १६ आर्थिक, १० पर्यावरणाची आणि ४ सामाजिक. त्या चारांतलं एक आहे : कुटुंबाच्या उत्पन्नापैकी किती पैसा इंधन आणि विजेवर जातो. दुसरं : कोणत्या उत्पन्नाचं घर किती आणि कोणकोणतं इंधन वापरतं. हे दोन प्रश्न वाडीवर विचारले असते तरी पुरे होतं. जागतिक बँकेनंही २०१५मध्ये वीज ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं न मोजता शून्य ते पाच अशा पायऱ्या मांडल्या. दिवसात किती तास, संध्याकाळी किती तास, किती वेळा जाते, परवडते का. पहिल्या पायरीला दिवसात चार तास आणि संध्याकाळी एक तास पुरतो. पाचव्या पायरीला दिवसात तेवीस तास आणि संध्याकाळी चार तास लागतात. स्वयंपाकाच्या इंधनालाही अशाच पायऱ्या आहेत. त्यात जळण गोळा करायला आणि चूल पेटवायला लागणारा वेळसुद्धा धरतात. मला हे फार पटलं. जळणाला पैसा पडत नाही असं आपण म्हणतो, पण त्याला बाईचे तास पडतात. ते कुणाच्याच हिशेबात नसतात.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. तीन आक्षेप आले.

आमच्या एका ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “दान दिल्यावर त्याचा हिशेब विचारू नये. आपण दिलं, संपलं.” काकूंचा मला मान आहे. पण हिशेब मी आक्कांकडे मागत नाही, स्वतःकडे मागतेय. ‘३१ कुकर दिले’ एवढंच लिहिलं असतं तर प्रश्न नव्हता. मी ‘३१ स्वयंपाकघरं धूरमुक्त झाली’ असं लिहिलं. चातुर्मासात नियम घेतला हे वहीत लिहिलं म्हणून तो पाळला असं होत नाही. तो पाळला का, हे रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात आपणच आपल्याला विचारतो. तोच प्रश्न अहवालाला विचारायला काय हरकत आहे?

दुसरी म्हणाली, “३१चे ७ झाले हे छापलं तर पुढच्या वर्षी देणगी कोण देईल?” हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याची भीतीही वाटते. सरकारला मतं हवी असतात, मंडळाला देणगी. दोघांनाही चढणारा आकडा लागतो.

तिसरी म्हणाली, “या बायकांना धुराची सवयच झालेली असते. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही, असं त्याच म्हणतात.” म्हणतात खरं. पण त्या ७ घरांत मी नीट विचारपूस केली. त्यातल्या ५ घरांत दुधाचं बिल दर दहा दिवसांनी बाईच्या हातात येत होतं. टाकी संपली की ती स्वतःच्या पैशानं भरून आणत होती. उरलेल्या घरांत हातात एकदम हजाराच्या आसपास रुपये कधी नसतातच. ते झाले तरी गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते आणि टाकी खांद्यावरून वर न्यावी लागते. सवय, चव ही कारणं मागून येतात.

आता बघा, वापर मोजल्यामुळे काय हाती लागलं. जोडण्या मोजत बसलो असतो तर आणखी ३१ कुकर वाटले असते. वापर मोजला तेव्हा कळलं की कुकर नको, भिशी हवी. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकून टाकी भरता येईल अशी वाडीतल्या बायकांची स्वतःची भिशी, आणि त्यात मंडळाची थोडी भर. ५ किलोची छोटी टाकीही मिळते. एकदम कमी पैसे लागतात आणि डोक्यावरून नेता येते. अंघोळीच्या पाण्याचं काय करायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. निम्मं जळण त्या हंड्याखालीच जातं.

आणि हे फक्त वाडीपुरतं नाही. आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनल आहेत. पाहुण्यांना आम्ही ‘३ किलोवॅट बसवलेत’ असं कौतुकानं सांगतो. आपल्या भागात त्यातून रोज सरासरी बारा युनिट मिळायला हवेत. वाडीवरून आल्यावर मी मीटर बघितला, तर नऊ. पॅनलवर धुळीचा थर होता. देशाचंही तसंच आहे. २०२५च्या मध्याला भारतातल्या वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस, तेलाशिवायची झाली. २०३०चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, ही खरोखर आनंदाची बातमी. पण सूर्य रात्री नसतो, वारा रोज नसतो. त्यामुळे आपल्या घरी येणाऱ्या विजेतली निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशातूनच येते. बसवलेली क्षमता आणि आलेले युनिट यांत टाकी आणि चुलीइतकंच अंतर आहे.

जोडणी मोजू नका असं माझं म्हणणं नाही. जोडणीशिवाय पुढचं काहीच होत नाही. पण ती पहिली ओळ आहे. तिच्याखाली दुसरी ओळ लिहायलाच हवी, मंडळानंही आणि सरकारनंही : वर्षानं काय वापरलं जातंय. सरकारला हे अवघडही नाही. प्रत्येक टाकीची नोंद गॅस कंपन्यांकडे असते. ती तालुक्यानुसार, गावानुसार दरवर्षी लोकांसमोर ठेवली, तर कुठल्या वाडीला काय हवंय ते कुणालाही कळेल.

मंडळात अजून एकमत नाही. मी स्मरणिकेसाठी लिहिलेली नवी ओळ अशी आहे : ‘२०१८ साली ३१ कुटुंबांना मदत केली. यंदा २४ घरी जाऊन पाहिले. ७ घरांत रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो. उरलेल्यांसाठी भिशी सुरू करत आहोत.’ काकूंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “छापायची तर छाप, पण आधी भिशी सुरू कर.” म्हणून परवाच्या रविवारी पुन्हा वाडीवर जातेय.

तुमच्या मंडळानंही कुठे ना कुठे चुली, दिवे, पंखे, सौर कंदील दिले असतील. एकदा तिथे जाऊन या. जाताना कॅमेरा नेला नाही तरी चालेल. फक्त विचारा, काल रात्री काय पेटवलं होतं? आणि जे उत्तर येईल ते मला नक्की कळवा.